नानांच्या झोपेस जबाबदार कोण?

तारखा व जबाबदार इसम प्रथम नमूद करतो. कारण त्यांच्याविना केलेली तक्रार ही नुसती कुरकुर असते, आणि कुरकुर करण्यासाठी मी लेखणी हाती घेत नाही.

स्वातंत्र्यानंतरचे दुसरे वर्ष, वैशाखातील लग्नतिथी: आमचे घरमालक नाना यांच्या कन्येचा विवाह. जबाबदार इसम, व्याह्यांचे धाकटे बंधू, राहणार किहीम.

महाराष्ट्र राज्य झाले त्या सालचा तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस, पहाट: नानांच्या विहिरीवरील रहाटाच्या कण्यात एरंडेल घालण्यात आले. जबाबदार इसम, नानांचे एकुलते एक चिरंजीव, नोकरीनिमित्त मुंबई.

त्यापुढच्या माघी गणपतीच्या सुमारास, भर दुपारी, शाळेच्या पटांगणात: जाहीर सभा. जबाबदार इसम, आमच्या ग्रामपंचायतीचे सरपंच.

अलिबागेच्या एका डॉक्टरांचे नावही या यादीत येणार होते. त्यांना संशयाचा फायदा देऊन वगळले आहे. का, ते ओघात येईल.

मी अलिबागेच्या न्यायालयात शिरस्तेदार होतो. निवृत्त झाल्यावर रेवदंड्याच्या रस्त्यावर, नागाव मागे टाकल्यावर लागणाऱ्या वाड्यांपैकी एका वाडीत, नानांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मधली भिंत कुडाची. त्या कुडातून मी या गृहस्थांना इतकी वर्षे ऐकले आहे, की त्यांच्याविषयी माझ्याइतका माहीतगार साक्षीदार या तालुक्यात दुसरा नाही. अपवाद काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा. परंतु त्या साक्ष द्यायला लागल्या की हसू लागतात.

नाना म्हणजे उंच, वाळका, कानांनी मोठा असा माणूस. अंगात बंडी, कमरेला पंचा, चष्म्याची एक दांडी सुतळीची. दिवसा त्यांच्याइतका समंजस वाडीवाला शोधून सापडणार नाही. सुपारी कधी उतरवावी, माडाला कोठली कीड लागली, हे लोक चौलहून त्यांना विचारायला येत. परंतु दिवे मालवले, की त्यांच्या डोक्यात एखादा विचार उठे, एक फेरी मारी, निघाला तेथे परत येई, आणि आपण पूर्वी येथे आलो होतो हे ध्यानीमनी नसल्याप्रमाणे पुन्हा निघे.

दाराच्या कडीचेच घ्या. कडी लावून नाना अंथरुणाला पाठ टेकत आणि लगेच उठत. काकू म्हणत, "अहो, लावलीत की आत्ताच."

"लावली हे मला आठवतंय," नाना म्हणत. "पण ते आजचं आठवतंय की कालचं?"

मी उभ्या हयातीत मोठमोठ्या वकिलांच्या उलटतपासण्या ऐकल्या. इतका अडचणीचा प्रश्न ऐकला नाही. यावर नानांनी स्वतःच तोड काढली. कडी लावताना त्या दिवशीची भाजी मोठ्याने उच्चारायची, म्हणजे आजची कडी कालच्या कडीपासून वेगळी ओळखता येईल. त्या दिवसापासून आमच्या आळीला रोज रात्री निजानीज होण्याच्या सुमारास घोषणा ऐकू येऊ लागली: "पडवळ! कडी लावली!"

"सगळ्या आळीला कळतं आमच्याकडे काय शिजलं ते," काकू मला म्हणाल्या. "आणि लागोपाठ दोन दिवस एक भाजी करायची सोय राहिली नाही. परवा वांगी उरली होती म्हणून पुन्हा केली, तर यांची सबंध रात्र ओटीवर गेली. कुठलं वांगं, कुठलं वांगं म्हणत."

उपाय झाले नाहीत असे कोणी म्हणू नये. दुधात जायफळ उगाळून झाले. काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळून झाले. तेव्हा डाव्या पायाला उजव्यापेक्षा अधिक चोळले गेले की काय, या शंकेने नाना जागले. एका वैद्याने अंथरुणावर विष्णुसहस्रनाम म्हणण्यास सांगितले. नाना म्हणत, आणि अर्ध्यावर आल्यावर एखादे नाव सुटल्याचा संशय येऊन पहिल्यापासून आरंभ करीत. अलिबागेच्या डॉक्टरांनी छाती, जीभ, डोळे पाहून सांगितले, "तुम्हाला काही झालेलं नाही. फक्त रात्री विचार करू नका."

दुसऱ्या दिवशी नानांचे डोळे तांबारलेले होते. "डॉक्टर म्हणाले तसंच केलं," ते मला म्हणाले. "रात्रभर लक्ष ठेवून होतो. एकसुद्धा विचार येऊ दिला नाही."

डॉक्टरांच्या हेतूत खोट नव्हती. सबब त्यांना वगळले.

आता विवाहाची हकीकत. मी त्या पंगतीत होतो, तेव्हा माझी साक्ष ऐकीव नाही. मांडवात पंगत बसली होती, जिलबीचे दुसरे वाढप झाले होते, आणि यजमानाच्या रिवाजाप्रमाणे नाना हात जोडून पानापानांवरून "सावकाश होऊ द्या" म्हणत चालले होते. किहीमच्या गृहस्थांच्या पानासमोर ते आले, "सावकाश होऊ द्या" म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी ते गृहस्थ उठले. अद्याप मठ्ठा यायचा होता. पंगत बसलेली असताना एकट्याने उठणे, आणि तेही वरपक्षाकडील वडीलधाऱ्याने, याचा अर्थ आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. परंतु ते गृहस्थ हात धुऊन आले, विडा खाल्ला, हसले, बोलले, दुसऱ्या दिवशी वरातीबरोबर परत गेले. मुलगी सासरी सुखात नांदू लागली. वाईट असे काहीच घडले नाही.

नेमके तेच नानांना सोसले नाही. भांडण झाले असते तर कारण तरी कळले असते.

"मग ते उठले का?" हा प्रश्न मी त्यानंतर किती रात्री कुडाच्या पलीकडून ऐकला याची गणती नाही. "मी 'सावकाश होऊ द्या' म्हणालो. बरोबर? हात जोडलेले होते. बरोबर? पण म्हणताना मी हसलो होतो का? हसलो असेन तर त्यांना वाटलं असेल, हा आपल्याला खादाड म्हणतोय. नसेन हसलो, तर वाटलं असेल, तोंड वाकडं करून म्हणतोय. शिरस्तेदार, तुम्ही समोर होतात. मी हसलो होतो?"

"मी जिलबीकडे बघत होतो, नाना."

"बघा! म्हणजे साक्षीदारच नाही."

शेवटी मी या प्रकरणाची रीतसर सुनावणी घेण्याचे ठरवले. ज्या वादाचा निर्णय होत नाही तो वाद माणसाला खातो, आणि निर्णय लागलेला वाद त्याच पक्षकारांना पुन्हा उकरता येत नाही, हे न्यायाचे मूलतत्त्व मी आयुष्यभर पाळले व पाळवले आहे. एका रविवारी दुपारी ओटीवर मी खुर्चीत बसलो. नाना उभे राहिले. काकूंची साक्ष झाली. त्या हसल्या, तरी ती ग्राह्य धरली. मी दोन्ही बाजूंनी विचार करून निकाल सांगितला: किहीमचे गृहस्थ स्वतःच्या खासगी कारणासाठी उठले, यजमानाचा काडीचाही दोष नाही, हा प्रश्न यापुढे उपस्थित करता येणार नाही. नानांनी डोळे पुसले, माझ्या पाया पडू लागले, आणि मला एक असोला नारळ दिला.

त्या रात्री कुडावर टकटक झाली.

"शिरस्तेदार, जागे आहात?"

"आता आहे."

"निकाल मान्य आहे हो. त्याबद्दल काही नाही. पण खासगी कारण म्हणजे, समजा, कुठलं?"

मी माघार घेणाऱ्यांपैकी नाही. पुढच्या नारळीपौर्णिमेला किहीमचे गृहस्थ लेकीकडच्या मंडळींबरोबर आले तेव्हा मी त्यांना सर्वांसमक्ष विचारले. त्यांना प्रथम काही आठवेना. मग ते मोठ्याने हसले. "हात्तिच्या! अहो, पायाला मुंग्या आल्या होत्या! बसवेना म्हणून उठलो. त्याचं काय एवढं?"

नानांनी त्यांना मिठी मारली. मी विजयी मुद्रेने काकूंकडे पाहिले. काकूंनी मान हलवली, आणि ती होकारार्थी नव्हती.

सकाळी नाना अंगणात लग्नातले पाट पालथे घालून बसले होते. "शिरस्तेदार," ते म्हणाले, "इतरांच्या पायाला मुंग्या आल्या नाहीत. त्यांनाच का आल्या? मीच त्यांना लहान पाट दिला असणार. मुद्दाम दिला असंच वाटलं असेल त्यांना. म्हणून तर हसले."

किहीमचे गृहस्थ दोनदा दोषी आहेत: एकदा उठल्याबद्दल, एकदा उत्तर दिल्याबद्दल.

असा हा माणूस झोपत तरी केव्हा होता? याचे उत्तर विहिरीवर होते. ज्यांनी वाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीवर लाकडी रहाट, त्याला पोहऱ्यांची माळ, आणि तो फिरवायला झापड बांधलेला रेडा. रेडा गोल चालतो, पोहरे पाणी उपसतात, पाणी पन्हळीतून माडांच्या आळ्यांत जाते. रहाट वाजलाच पाहिजे. लाकडावर लाकूड घासून जी करकर निघते ती कोणी बंद करीत नाही, कारण घरात बसलेल्या मालकाला तीवरूनच कळते की रेडा चालतो आहे. करकर थांबली की घरातून हाक जाते. आमच्याकडे रहाटाला वंगण घालणे म्हणजे पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबणे होय.

नानांचा रहाट पहाटे व दुपारी चाले, आणि त्याची करकर सुरू झाली की नाना पहिल्या काही फेऱ्यांतच गाढ झोपत. मी एकदा त्यांना याचे कारण विचारले.

"सोपं आहे," ते म्हणाले. "रात्री ते गोल फिरायचं काम मला करावं लागतं. रेडा आला की तो करतो. मी सुटतो."

या नात्याला कायद्यात मुखत्यारी म्हणतात. रेडा हा नानांचा मुखत्यार होता. पावसाळ्यात रहाट बंद असे तेव्हा ते काम बेडूक पाहत. त्यांची कामगिरी तितकी नियमित नसे, परंतु निभत असे.

आणि मग चिरंजीव आले. नवे लग्न, नवी सूनबाई, मुंबईची. पहाटेच्या करकरीने सूनबाईंची झोप मोडली. मुलगी गरीब, तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. नुसती जांभई दिली. त्या एका जांभईवर चिरंजीवांनी, वडिलांना न विचारता, वाडीतल्या कोणाला न विचारता, मला तर नाहीच नाही, एरंडेलाची अख्खी बाटली रहाटाच्या कण्यात रिचवली. ज्याचे बालपण त्या रहाटाखाली गेले, त्याने हे करावे! मुंबईत राहून माणसे काय काय विसरतात याचा हा पुरावा आहे.

रेडा चालू लागला आणि रहाट निमूटपणे फिरू लागला. घरात नानांचे डोळे उघडले. करकर नाही, म्हणजे रेडा थांबला! ते पंचा सावरीत अंगणात धावले आणि ओरडू लागले, "हाक रे, धाकू! हाक त्याला!"

धाकू म्हणजे रेड्यामागे चालणारा गडी. त्याने चकित होऊन पाहिले. "नाना, हाकतोय की! चालतोच हाय त्यो!"

"मग वाजत का नाही?"

"वाजत न्हाय त्याला मी काय करू? त्याच्या बदली मी वराडू?"

"थांबलाय तो!"

"न्हाय थांबला! बघा की डोल्यानं!"

दोघांच्या या आरड्याओरड्याने रेडा खरोखरच थांबला. "आता थांबला," धाकू म्हणाला. "झाला तुमच्या मनासारखा?"

तेल काढण्याचा प्रयत्न झाला. कण्यात राख घातली, वाळू घातली. रहाट पुन्हा वाजू लागला. पण नाना अंथरुणावर कान टवकारून बसले. "आधी 'कर्र' मग 'कुंई' होतं," ते मला म्हणाले. "आता 'कुंई' मग 'कर्र' येतंय. का बरं?" म्हणजे जो मुखत्यार त्यांच्या वतीने फिरत होता, त्याच्यावरच पाळत ठेवण्याचे काम त्यांना लागले.

चिरंजीवांना पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप झालेला मुलगा फार धोकादायक असतो. त्याने वडिलांना सुख लागावे म्हणून ऑइल इंजिन आणले, रेडा चौलला विकला, आणि रहाट मोडून त्याच्या लाकडाचा गोठा बांधला. इंजिनही एका सुरात बोलते, तेव्हा झोप लागेल अशी माझीही अटकळ होती. परंतु त्या यंत्राचा मधूनच एक ठोका चुके, आणि नाना पुढचा कधी चुकतो याची वाट पाहत पडून राहत. शिवाय रेडा अर्धा दिवस घेई ते काम इंजिन चहा होईपर्यंत संपवी. नाना खंगू लागले. दिवसा बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडू लागले. एकदा माडाला टेकून उभ्या उभ्या त्यांचा तोल गेला, तेव्हापासून काकूंचे हसणे बंद झाले. त्या मला एवढेच म्हणाल्या, "शिरस्तेदार, हे असं फार दिवस नाही चालायचं."

मी मामलेदारांस अर्ज केला, की वाडीत निदान एक रहाट राखावा. तो शेतकी खात्याकडे वर्ग झाला. शेतकी खात्याने, विषय झोपेचा असल्याने, आरोग्य खात्याकडे पाठवला. आरोग्य खात्याने अर्जात 'रेडा' हा शब्द पाहून तो पशुवैद्यांकडे पाठवला. पशुवैद्यांनी मात्र तत्काळ कळवले, की रेडा झोपत नसल्यास समक्ष हजर करावा.

आता सभेकडे येतो.

गावात आणखी इंजिने आली म्हणून पंचायतीने सभा भरवली, आणि जुने वाडीवाले म्हणून नानांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो, काकू बायकांत. सरपंच बोलायला उभे राहिले. त्यांचे भाषण मला मुखोद्गत आहे. ज्याने एक फेरी ऐकली त्याला सगळे मुखोद्गत होते. "पाण्याशिवाय वाडी नाही," ते म्हणाले, "वाडीशिवाय गाव नाही, गावाशिवाय पंचायत नाही, आणि मी तुम्हाला सांगतो, पंचायतीशिवाय पाणी नाही! आणि पाण्याशिवाय, बंधूंनो, काय नाही? तर वाडी नाही!" असे ते पुन्हा निघाले. आवाज खर्जातला, किंचित घासणारा. मध्ये न अडखळणारा, वर न चढणारा.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला माझ्या उजव्या खांद्यावर काही टेकले. ते नानांचे मस्तक होते.

मी श्वास रोखून बसलो. नानांचे तोंड किंचित उघडे होते, कपाळावरची आठी सपाट झाली होती. इतक्या महिन्यांत प्रथमच हा माणूस झोपला होता! बायकांमधून काकूंनी ते पाहिले. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि दुसरा हात वर करून सगळ्यांना खूण केली: कोणी हलू नका. आणि लोकही असे, की मागच्या रांगेतल्याने तपकीर काढली होती ती न ओढता परत डबीत घातली. सारा गाव त्या भाषणाला जपत होता. सरपंचांचे भाषण संपू नये अशी प्रार्थना गावाने त्यापूर्वी कधी केली नव्हती.

आणि तेव्हा सरपंचांची नजर पहिल्या रांगेकडे गेली.

त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "व्यासपीठासमोर झोपणं हा सभेचा अपमान आहे! उठवा त्यांना!" मी हात वर केला, बोटे ओठांवर ठेवली, कायद्याचा हवाला देण्यासाठी तोंड उघडले; पण पंचायतीचा शिपाई येऊन नानांचा खांदा गदागदा हलवू लागला होता.

नाना जागे झाले. समोर सरपंच गप्प उभे. नानांनी अतिशय कळवळून, अगदी मनापासून विचारले, "थांबलात का हो?"

पटांगण हसून लोटपोट झाले. यात नानांचा दोष नाही; चेष्टा करणे त्यांच्या स्वभावात नाही. परंतु सरपंचांनी कागद गुंडाळले, गळ्यातला हार काढून टेबलावर टाकला, आणि ते चालते झाले. त्यानंतर त्यांनी नानांकडे पाहिलेले नाही, बाजारात समोर आले तर रस्ता बदलतात, आणि माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीत.

किहीमचे प्रकरण त्या दिवशी निकालात निघाले, हे कबूल केले पाहिजे. आता कुडापलीकडून पाटांविषयी काही ऐकू येत नाही. आता ऐकू येते ते असे: "मी 'थांबलात का' म्हणालो. त्याआधी घोरलो होतो का? घोरलो असेन तर त्यांना वाटलं असेल..." काकू त्यांच्या उशाशी बसून सरपंचांचे भाषण म्हणून पाहतात. त्यांना तो सूर साधत नाही. मीही एकदा प्रयत्न केला, नाना उठून बसले आणि म्हणाले, "शिरस्तेदार, तुम्ही मध्ये विचार करता. ते करत नव्हते."

ज्या गृहस्थांच्या हाती, अथवा कंठी, एका वृद्ध माणसाची झोप आहे, त्यांना रुसून घरी बसण्याचा अधिकार नाही. सबब माझी मागणी जाहीरपणे नोंदवतो. सरपंचांनी त्या दुपारी भाषण का तोडले आणि एका निरपराध नागरिकाची झोप कोणत्या अधिकाराने मोडली, याचे उत्तर द्यावे. ते लेखी नको. लेखी उत्तर मी स्वीकारणार नाही. ते जाहीर सभेत, शाळेच्या पटांगणात, दुपारी जेवणानंतर, तोंडी द्यावे. उत्तर मुद्देसूद असण्याची अट नाही. ते पटले नाही तरी हरकत नाही. मात्र ते थोडक्यात असू नये, आणि एकदा सांगून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगावे. श्रोत्यांनी टाळ्या वाजवू नयेत. शिपायाला त्या दिवशी रजा द्यावी.

नाना पहिल्या रांगेत असतील. काकूंनी उशीला नवा अभ्रा घातला आहे. सरपंचसाहेब, आम्ही येऊन बसतो, आपण बोला.